कांगावरची ओळ

मला राग लवकर येतो आणि जाता जात नाही. स्टॅनली, माझा नवरा, म्हणतो की वसईहून शारजाला येताना पॉलिनने, म्हणजे मी, लोणच्याच्या बरण्यासुद्धा आठवणीने आणल्या, फक्त क्षमा तेवढी चर्चमध्ये विसरून आली. म्हणो बापडा. मंजुषा करंदीकरचा मला जो राग आला तो अगदी रास्त होता, आणि तिला धडा शिकवायचाच हे मी तिचं पुस्तक हातात घेतल्यापासून दहा मिनिटांत ठरवलं.

पुस्तक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. वर इंग्रजीत 'माय'पासून सुरू होणारं लांबलचक नाव. मुखपृष्ठावर दोन म्हाताऱ्या हातांचा फोटो. बोटं सांध्यांशी वाकडी झालेली, आणि त्या वाकड्या बोटांत धरलेल्या काडीने खोलगट तव्यातले विटुंबुआ उलटले जाताहेत. विटुंबुआ म्हणजे तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे गोड, गोल, फुगलेले प्रकार. आपल्या आप्प्यांचे झांझिबारकडचे भाऊबंद म्हणा. ते हात मी हजारांत ओळखेन. अकरा वर्षं दर शुक्रवारी मी त्यांच्यासमोर बसलेय. ते माझ्या शेजारच्या झांझिबारी म्हातारीचे, बी हिदायांचे हात होते. फोटोत चेहरा नव्हता. मनगटावर कापला होता.

आत सगळं आमचं, मी वह्यांत उतरवलेलं. मबाझी, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तुरी, त्यात वेलची घालायची की नाही यावरून बीचं नणंदेशी झालेलं भांडण. कोवळ्या शहाळ्याला दाफू, जून नारळाला नाझी आणि मधल्या, धड ना शहाळं धड ना नारळ अशा अवस्थेला कोरोमा म्हणतात, ते पान. खजुरीच्या पात्यांच्या पट्ट्या विणून त्या शिवून चटई कशी करतात, ते. लग्नघरात बायका काय बोलतात आणि मयताच्या घरी काय बोलत नाहीत, ते. ओळी माझ्या, चुका माझ्या, एके ठिकाणी मी दालचिनीऐवजी जायफळ लिहिलं होतं तेसुद्धा तसंच. फक्त विटुंबुआच्या पानावर मंजुषाने स्वतःची भर घातली होती. मथळा दिला होता 'झांझिबारी आप्पे'. आणि नारळ खवायची बीची बैठी खवणी, जिच्यावर त्या पन्नास वर्षं बसल्या, तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, आदिवासी स्टूल.

शेवटच्या पानावर आभार. बारीक अक्षरात सतराव्या ओळीत, टायपिंगच्या मदतीबद्दल पॉलिन आंटी, आणि एक गोड स्थानिक आजी.

टायपिंग! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी पुस्तक पलंगाखाली सरकवून दिलं, मग परत काढलं, कारण नीट राग यायला ते समोर हवं होतं.

आता मी कोण आणि मला याचं काय, ते सांगते. माझे पप्पा वसईचे, पण पोट मोंबासात. बंदरावरच्या लोकांचे युनिफॉर्म शिवायचे. मी तिथेच जन्मले, सोळा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढले. घरात आम्ही आमची वसईची बोली बोलायचो आणि घराच्या उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की स्वाहिली. मग पप्पा गेले, आम्ही वसईला परतलो, आणि ती भाषा बोलायला माझ्याकडे कुणी उरलं नाही. ती तोंडात तशीच राहिली. पुढे लग्न होऊन शारजाला आले आणि हमरिया फ्री झोनमध्ये परेश शाह यांच्या कंपनीत लागले. आमचा धंदा कांगांचा.

कांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बायका नेसतात ते सुती कापड. चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी, आणि खालच्या काठाच्या वर एका चौकटीत छापलेली एक ओळ. आमची कापडं गुजरातेत छापली जातात, हमरियाला तपासली जातात आणि मोंबासा, दारेसलामला जातात. ती ओळ बरोबर आहे की नाही, हे बघणं माझं काम. बावीस वर्षं मी तेच करतेय. बाई कांगा घेताना आधी ओळ वाचते, मग रंग बघते. कारण जी नेसते तिचंच ते बोलणं समजलं जातं. सवतीला टोमणा मारायचा असेल, शेजारणीला गप्प करायचं असेल, नवऱ्याला लाडीगोडी लावायची असेल, तर तोंड उघडायचं नाही. तशी ओळ शोधायची, नेसायची आणि तिच्या दारावरून दोनदा जायचं. ज्याला समजायचं त्याला समजतं, आणि अंगावरची ओळ 'माझी नाही' असं म्हणायची सोय नसते.

बी हिदाया मला भेटल्या त्या आमच्या समोरच्या इमारतीत. एकोणीसशे चौसष्टच्या क्रांतीच्या धामधुमीत बाराव्या वर्षी झांझिबारहून बोटीत बसून निघालेल्या, आता मुलगा-सुनेकडे राहणाऱ्या. 'बी' हे तिकडचं 'बाई'सारखं मानाचं. लिफ्टजवळ कुणाला तरी फोनवर स्वाहिलीत शिव्या घालत होत्या. तीस वर्षांनी मी तशा अस्सल शिव्या ऐकल्या आणि तिथेच रडायला लागले. त्यांनी फोन ठेवला, मला घरी नेलं आणि चहा पाजला. तिथून आमचे शुक्रवार सुरू झाले. त्या सांगायच्या, मी लिहायची, कारण संधिवाताने त्यांच्या बोटांत पेन राहत नव्हतं. माझी नातवंडं मला इंग्रजीतून उत्तर देतात, म्हणायच्या. मी मेले की हे सगळं माझ्याबरोबर खड्ड्यात जाईल. लिही.

वह्या भरत गेल्या. प्रत्येक वहीवर मी माझं नाव घातलं, कारण वह्या मी आणल्या होत्या आणि शाळेपासूनची सवय. त्यात काय एवढं.

मंजुषा आली ती दोन वर्षांपूर्वी. महाराष्ट्र मंडळाच्या आनंदमेळ्यात मी महामरी, म्हणजे नारळाच्या दुधातल्या वेलचीच्या पुऱ्यांचा स्टॉल लावला होता. ही नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं नैरोबीत राहून आलेली. तेवढ्यात शिकलेली स्वाहिली म्हणजे 'जांबो' हा नमस्कार, तोही पर्यटकांचा. दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका जुन्या गोदामात तिचा स्टुडिओ होता. तिथे कधी जपानी चहा, कधी राजस्थानी कठपुतळी, असं काय काय दाखवायची. पुरी खाल्ली आणि डोळे मिटून म्हणाली, "ओ माय गॉड पॉलिनताई, धिस इज अ होल वर्ल्ड! हे तुम्ही कुठून शिकलात?"

मी वह्यांबद्दल बोलून गेले.

"कुणाच्या वह्या?"

"माझ्याच," मी म्हणाले.

आता कबूल करते, तो शब्द उच्चारताना मला बरं वाटलं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी तपासणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं. तिने छोटंसं प्रदर्शन करायचंय म्हणून वह्या मागितल्या आणि मी पिशवीत भरून दिल्या. एकदा ती फोटोग्राफर घेऊन बीकडेही आली. बीने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी ओळखीची, फोटो काढतेय. बी मुकाट तव्यासमोर बसल्या, आणि जाताना मंजुषाने त्यांची खवणीही प्रदर्शनाला म्हणून उचलून नेली. नंतर वह्या काही परत आल्या नाहीत. फोन केला की मंजुषा म्हणायची, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात. आणि मग आलं ते पुस्तक.

मी पुस्तक बीला दाखवलं. न दाखवून चालणार नव्हतं, त्यांच्या सुनेला ते मॉलमध्ये दिसलं होतं. बीने मुखपृष्ठावरच्या हातांवर आपला हात ठेवला. मग शेवटचं पान वाचायला सांगितलं. मी वाचून दाखवलं.

"गोड," त्या म्हणाल्या. बास. मला चहाही विचारला, पण वह्यांचा विषय नाही. मला वाटलं, बिचारी गप्प झाली, हिच्या वतीने आता मलाच उभं राहायला हवं. सूड घेणाऱ्याला असं कुणाच्यातरी वतीने उभं राहणं फार सोयीचं पडतं.

संधी स्वतः चालत हमरियाला आली. मंजुषा पुस्तकाचा सोहळा करणार होती. शारजा-दुबईतली झांझिबारी, मोंबासावाली घराणी, त्यांच्या बायका, वर्तमानपत्रवाले, सगळ्यांना निमंत्रण. पाहुण्यांना भेट म्हणून दोनशे जोड्या कांगा हव्या होत्या. बरोबर सोळा वर्षांची मुलगी शुभ्रा, कानात इअरफोनची बोंडं घालून.

"रंग टील आणि मरून, ओके?" मंजुषा म्हणाली. "आणि ते वाक्य असतं ना खाली, ते तुम्हीच टाका. समथिंग ऑथेंटिक. छोटं हवं, फोटोत येईल असं."

माझ्या मनात ते वाक्य गेले तीन आठवडे तयार होतं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मी तिच्यासमोर ठेवलं. *निमेम्विबिया बी हिदाया.* म्हणजे, मी बी हिदायाला लुटलं.

"अरे वा, आजींचं नाव! सो स्वीट. त्यांना किती छान वाटेल. मीनिंग काय?"

"आदराने केलेला उल्लेख आहे," मी म्हणाले. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मॉम, शुड आय जस्ट ट्रान्सलेट इट?" शुभ्राने फोन वर केला. मी घाईने कागदावर तळहात ठेवला.

"काही गरज नाही गं. पॉलिनताई बावीस वर्षं हेच करतायत. तुला काय कळतं?" मंजुषाने तिचा फोन खाली दाबला. पोरीने खांदे उडवले.

मी परेशभाईंची सही घेतली. ते ओळी वाचत नाहीत, मीटर वाचतात. छपाईहून माल आला त्या दिवशी मी एक तागा उलगडला. टील, म्हणजे मोरपंखी, रंगावर मरून चौकट, त्यात ती ओळ, शाई कुठे फुटलेली नाही. एवढं चोख काम मी कंपनीसाठी कधी केलं नव्हतं. घरी स्टॅनलीला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"पॉलिन, सरळ बोलून टाक ना बाई तिला. दोन शब्द ऐकव आणि खलास कर."

"बोलले तर ती सॉरी म्हणेल आणि केक पाठवेल. मला ती दोनशे बायकांसमोर हवीय. तिने स्वतःच्या अंगावर घालून मिरवायला हवं, आणि वाचता येणाऱ्या प्रत्येकीने हसायला हवं. स्वाहिलीची वारसदार म्हणवते ना? मग वाचून दाखव म्हणावं."

"आणि त्या म्हातारीला विचारलंस?"

"तिच्यासाठीच तर करतेय!" मी ओरडले. तो पुन्हा जेवायला लागला.

शनिवारी दुपारी चारला सोहळा होता. गोदामात थंडगार एसी, भिंतीवर बीची खवणी टांगलेली, कोपऱ्यात लवंगांचे ढीग नुसते वासाला. केटरिंगवाले विटुंबुआ वाटत होते, गार आणि रबरासारखे. पण बायका आल्या होत्या. नव्वदीच्या, पन्नाशीच्या, काळ्या पायघोळ अबायात, हातावर मेंदी. एकमेकींना गाठून स्वाहिलीत सुरू झाल्या आणि त्या गोदामाचा आवाजच बदलला. कितीतरी जणी वीस-वीस वर्षांनी भेटत होत्या. एकीने तर केटरिंगवाल्या पोऱ्याला बाजूला सारून स्वतः तव्यापाशी जागा घेतली. काही क्षण मी रागसुद्धा विसरले. बी हिदाया पहिल्या रांगेत सुनेशेजारी बसल्या होत्या. भेटीच्या कांगा घडी करून, पिशव्यांत बंद, दारापाशी टेबलावर होत्या. जाताना द्यायच्या. तशी व्यवस्था मीच सुचवली होती, आधी कुणी वाचू नये म्हणून.

मंजुषा पांढऱ्या झग्यात व्यासपीठावर आली. 'जांबो' म्हणाली. दोनचार जणी सौजन्याने हसल्या. मग तिने एक कांगाजोडी हातात घेतली.

"कांगा नेहमी जोडीत येते. एकच लांब कापड, दोन भाग," तिने इंग्रजीत समजावलं, माझ्याच चौथ्या वहीतून. "ती मधोमध कापतात. एक भाग आपल्याला, आणि दुसरा कधीकधी जिवलग मैत्रिणीला."

कात्री चालली. तिने एक भाग कमरेला गुंडाळला, गाठ मारली, आणि फॅशन शोसारखी वळून पाठ दाखवली.

ओळ बरोबर तिच्या पार्श्वभागावर आली होती.

पहिल्या दोन सेकंदांत काहीच झालं नाही. मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी नाकातून हसलं. मग शेजारणीने शेजारणीला कोपर मारलं. ओळ रांगेरांगेने मागे जाताना मला दिसत होती, बायका ती ओठांत वाचत होत्या, आणि मग हशाचा लोटच उठला. अबायाची टोकं तोंडात कोंबून हसत होत्या. एक म्हातारी टाळी देत 'वल्लाही', देवाशपथ, म्हणाली. मंजुषाला वाटलं आवडलं. ती आणखी एकदा वळली. काय सांगू, मला इतका आनंद झाला. मुलांच्या बाप्तिस्म्याला, घर घेतलं तेव्हा, एवढा झाला नव्हता. मी भिंतीशी उभी राहून एकेक चेहरा साठवून घेत होते.

मी बीकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. हातातली काठी दोन्ही हातांनी धरून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आणि हा दुसरा भाग," मंजुषा माइकमध्ये म्हणाली, "माझ्या स्वाहिली मैत्रिणीला. पॉलिनताई, यल्ला, वर या!"

बावीस वर्षं. बावीस वर्षं मी जोड्या तपासतेय. दोन्ही भागांवर तीच ओळ असते, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि सुडाच्या नादात मी एकाच भागाचा विचार केला होता, जो तिच्या अंगावर जाणार तेवढाच. दुसरा कुणाच्या अंगावर जाईल, हे माझ्या मनातही आलं नाही.

मला कुणीतरी ढकललं. मी वर गेले. मंजुषाने ते कापड माझ्या खांद्यांवरून टाकलं, सारखं केलं, आणि फोटोसाठी मला पाठमोरी वळवलं. लोकांकडे माझी पाठ होती, म्हणून मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. हसू एकदम थांबलं. दोनशे बायकांचं हसू असं तुटतं ना, तेव्हा एसीचा आवाज ऐकू येतो. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "ना हुयू पिया." हीसुद्धा.

मी गर्रकन वळले. मंजुषाने माझ्या हातात माइक दिला. "प्लीज, ओळ वाचा आणि सगळ्यांसाठी अर्थ सांगा."

इथेच मी म्हणू शकत होते की ही ओळ हिची आहे, हिने चोरलंय. त्याचीच तर तयारी केली होती. पण बी हिदाया पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "सोमा." वाच. तो आवाज मला ओळखीचा नव्हता.

अंगावर कांगा घेऊन 'ही माझी ओळ नाही' म्हणायचं, तेही त्या बायकांसमोर? मोंबासातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ते जमलं नसतं. मी वाचलं. "निमेम्विबिया बी हिदाया." मग इंग्रजीत सांगितलं. मी बी हिदायाला लुटलं. माझा आवाज स्पीकरमधून फिरून माझ्याकडे परत आला.

मंजुषाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती खाली वाकून आपल्या कमरेवरची अक्षरं शोधायला लागली. व्यासपीठाखाली शुभ्रा फोनवर शूटिंग करत होती. "मॉम, आय टोल्ड यू," ती म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पण मंजुषा करंदीकर मूर्ख नाही. मी तिला फार कमी लेखलं होतं. पाच सेकंद, फार तर सहा. मग तिने मला मिठी मारली, माइक काढून घेतला, आणि डोळ्यांत पाणी आणून बोलायला लागली.

"येस. धिस इज द लाइन आय चोज. कारण आम्ही सगळेच घेणारे आहोत. या स्त्रियांकडून घेतलेलं कबूल करणं, हाच खरा सन्मान. आय वेअर इट विथ प्राइड. अँड पॉलिनताई, व्हॉट करेज!"

वर्तमानपत्रवाले टाळ्या वाजवायला लागले. पाठोपाठ मंडळाचे लोक. एका बाईने तर रुमाल काढला. माझ्या जिवाचा नुसता संताप संताप झाला. तिने माझी ओळसुद्धा पळवली! वह्या नेल्या, पुस्तक नेलं, आणि आता तिला बुडवायला केलेली ओळही सर्वांदेखत आपली म्हणून खिशात घातली. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं, आणि मी पुढे झालेही असते.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. बी हिदाया उठल्या होत्या. सुनेने हात दिला, तो त्यांनी झिडकारला. एकेक पायरी चढून वर आल्या, मंजुषापुढे हात पसरला, आणि मंजुषाने गोंधळून माइक दिला.

बी अरबीत बोलल्या, कारण अरबी तिथे सगळ्यात जास्त लोकांना येत होती. सावकाश, शाळेत धडा म्हणावा तशा.

"या बाईने आत्ता सांगितलं की ही ओळ तिने स्वतः निवडली आणि ती खरी आहे. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. माझं नाव हिदाया बिंत सालिम. त्या पुस्तकातलं जेवण माझं आहे, शब्द माझ्या आईचे आहेत, भिंतीवर टांगलेली खवणी बसायची आहे, आणि ते हात माझे आहेत. कबूल केलंच आहे, तर आता पुस्तकावर तसं लिहा. खवणी मी आज घरी नेणार."

एका पाहुण्याने तिथल्या तिथे इंग्रजीत भाषांतर केलं. मंजुषा 'ऑफकोर्स, ऑफकोर्स' म्हणत राहिली. दुसरं काय म्हणणार होती? स्वतःच्या तोंडाने अभिमानाने सांगून बसली होती. मागच्या बायका उभ्या राहून जिभेने तो लग्नघरातला उंच, थरथरता आवाज काढायला लागल्या. केटरिंगवाल्याने शिडी आणली आणि भिंतीवरची खवणी उतरवली. पंधरा दिवसांत पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीवर नवं वेष्टण चढलं. वर मोठ्या अक्षरांत बी हिदायांचं नाव, खाली लहान अक्षरांत मंजुषाचं. मी जे कपटाने करायला निघाले होते, ते त्या म्हातारीने तीन मिनिटांत, मोठ्याने बोलून केलं.

पण ते नंतर. त्या वेळी मी व्यासपीठाच्या कडेला गेले आणि बीला म्हणाले, "बघितलंत ना, कशी सापडली? मीच लिहिली ती ओळ. तुमच्यासाठी."

"कुणाबद्दल लिहिलीस?"

"तिच्याबद्दल! मंजुषाबद्दल."

"ती परकी बाई," बी म्हणाल्या. आता त्या स्वाहिलीत बोलत होत्या, फक्त मला ऐकू येईल इतकं. "ती माझ्या दारात पहिल्यांदा आली तेव्हाच मी ओळखलं. चोराला मी काय बोलू? त्याचं कामच ते. तिला वह्या कुणी दिल्या?"

"मी."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"वहीवर नाव कुणाचं होतं? माझ्या बोटांत पेन राहत नाही, पोलिना. मला वाचता येतं. अकरा वर्षं मी प्रत्येक शुक्रवारी तुझं नाव वाचलं. म्हटलं, आज खोडेल, उद्या खोडेल. पुस्तक घेऊन आलीस तेव्हा रागाने थरथरत होतीस. मला वाटलं, माझ्यासाठी. तू मला आभाराचं पान वाचून दाखवलंस आणि 'टायपिंग' या शब्दावर तुझा आवाज चिरकला. 'एक गोड आजी' तू सरळ वाचून टाकलंस."

'असं नाही बी' म्हणायला तोंड उघडलं, आणि खांद्यावरचं कापड घसरलं म्हणून ते सावरलं. खरं होतं सगळं. माझ्यासाठी रागावले होते मी. त्यांचं नाव फक्त ओळीत शोभलं म्हणून घेतलं होतं.

"काढू का हे?" मी विचारलं.

"नको. शुक्रवारी घरी ये. हीच नेसून ये."

जाताना बाकीच्या जोड्या टेबलावर तशाच राहिल्या. अशी ओळ अंगावर घ्यायला कोण तयार होणार? एकीनेही पिशवीला हात लावला नाही.

शुक्रवारी दुपारी मी ती कांगा कमरेला गुंडाळली. स्टॅनली म्हणाला, डोकं फिरलंय का, रस्ता ओलांडून जायचंय तुला, निदान वरून अबाया घाल. मी घातला नाही. खाली बेकरीपाशी कोमोरोस बेटांकडच्या, स्वाहिली वाचणाऱ्या तीन बायका रोट्या घ्यायला थांबलेल्या. मी पुढून गेले तेव्हा त्या बोलत होत्या. मागून त्यांचं बोलणं थांबलेलं मला ऐकू आलं. रस्ता ओलांडायला नेहमी दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी सिग्नल लवकर पडेचना. लिफ्टमध्ये बीच्या मजल्यावरची एक पोरगी होती, ती अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायला लागली आणि तिच्या आईने तिचं तोंड दाबलं.

दार बीनेच उघडलं. मी मान खाली घालून 'शिकामू' म्हणाले. थोरांना असाच नमस्कार करतात. त्यांनी उत्तर दिलं नाही. काठीने इशारा केला, वळ.

मी पाठ केली. त्यांनी चष्मा लावला असावा, डबीचा आवाज आला. मग एकेक शब्द, अगदी सावकाश, त्यांनी ओळ वाचली. सुनेला हाक मारून तिलाही वाचायला बोलावलं. मग काठीने समोरच्या फ्लॅटचं दार ठोठावलं.

मी तशीच उभी राहिले.